वाटी जपून

घोडेगावात माझं सरकी-पेंडीचं दुकान आहे आणि बरोबर समोर अंगदचं सलून. त्यामुळे त्या घरात काय शिजतंय ते मला माझ्या घरातल्यापेक्षा आधी कळतं. बायको याला भोचकपणा म्हणते. म्हणेना का.

अंगद पस्तिशीचा असेल. हात हलका आणि बोलणं अगदी बेताचं. बाजाराच्या दिवशी म्हैस विकली गेली की माणसं आधी त्याच्या खुर्चीत येऊन बसतात आणि मग गावाकडे निघतात. दाढी तो ब्लेडनंच करतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत नवं ब्लेड फोडायचं, अर्धं मोडून पकडीत बसवायचं, काम झालं की डब्यात टाकायचं. दगडावर धार लावायचा जुना वस्तरा आता कुणी चालवत नाही आणि गिऱ्हाईकही तो गालाला लावू देत नाही. त्यामुळे अंगदनं या वयात तो वस्तरा शिकायला घेतला तेव्हा मला हसूच आलं होतं.

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अंगदच्या बायकोचा, मोनिकाचा, भाऊ गोरक्षनाथ संगमनेरला कॉलेजच्या रस्त्यावर सलून चालवतो. एसी, मोठे आरसे, मुलांची रांग. तो म्हणाला, दुसरी खुर्ची दाजींची, भागीदारीत. मोनिकानं त्याच दिवशी राजनंदिनीसाठी, म्हणजे लेकीसाठी, तिकडच्या शाळेची चौकशी केली. अंगदलाही जायचं होतं. इतकी वर्षं मी त्याला बघतोय. त्याला स्वतःला काहीतरी हवंय असं त्याच्या तोंडावर मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आड आले ते आप्पा. कानिफनाथ आप्पा, अंगदचे वडील. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी धंदा सोडला, पण दुकान सोडलं नाही. दाराशी बाकावर बसून असतात. त्यांनी जाऊ नको म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं, एकदा कडाक्याचं भांडण तरी झालं असतं. ते म्हणाले, “जा की. कोन धरून ठेवतंय तुला? पन आपल्या घरातलं मानूस धंद्याला भाईर पडलं ते सोताच्या हातानं धार लावलेला वस्तरा घेऊनच पडलं. तेवढं शिक आन जा.”

धार लागली हे कसं ठरवायचं, त्याचीही त्यांच्या घरात रीत होती. शिकणाऱ्यानं त्या वस्तऱ्यानं बापाची दाढी करायची. धार खरी असली तर बापाला खुर्चीतच झोप लागते. झोप लागली की पोरगा सुटला. आप्पा स्वतः असेच सुटले होते. अंगदचा थोरला भाऊ बिभीषण यानंही आप्पांना असंच झोपवलं, वस्तरा घेतला आणि पुण्याला गेला. आता तो दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन येतो आणि जेवून परत जातो.

अंगदनं आप्पांच्या धोकटीतून, म्हणजे हत्यारांच्या जुन्या पिशवीतून, दुसरा वस्तरा काढला. सोबत पथरी होती, म्हणजे धारेचा गुळगुळीत दगड, आणि चामड्याचा पट्टा. दगडावर पाणी टाकायचं, वस्तरा आडवा निजवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून धार पुढे करत सरकवायचा. चामड्यावर मात्र उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. अंगदनं पहिल्याच दिवशी घाईत गल्लत केली आणि पट्ट्याचा लचका काढला. मग जोर लावून घासलं, तर धारेवर नुसती खरखरीत कड आली. “दाबू नको, नुसता फिरव,” आप्पा बाकावरून म्हणाले. त्यांची मान रस्त्याकडेच होती. ते आवाजावरून सांगत होते. एकदा वस्तरा ओलाच मिटून ठेवला आणि सकाळी त्यावर गंजाचे ठिपके आले. तेव्हापासून तो पुसून, खोबरेल लावून ठेवायला लागला.

सगळ्यात जास्त छळलं ते वाटीनं. दाढीच्या पाण्याची पितळी वाटी. ब्लेडवाल्यांना सवय असते, साबण झटकायला हत्यार वाटीच्या काठावर ठोकायचं. ब्लेडचं काय जातंय, ते टाकायचंच असतं. अंगदचा हात सवयीनं गेला, टिंग असा आवाज झाला आणि आठवडाभर लावलेली धार तेवढ्यात गेली. “वाटी जपून,” आप्पा ओरडले. पुढे पुढे तो आवाज झाला की आप्पा रस्त्यापलीकडे माझ्या दुकानात बसलेले असले तरी तिथून ओरडायचे, “वाटी जपून.” माझी गिऱ्हाइकं दचकायची.

सरावाला गाल हवा होता, तो मी दिला. का दिला ते मला आजही सांगता येत नाही. सुरुवातीला दुकानात बसताना माझ्या गालावर इतकी तुरटी असायची की लोक विचारायचे, काकासाहेब, मांजर पाळलं का? पण पावसाळा सरत आला तशी धार बदलली. वस्तरा गालावर आहे की नाही तेच कळेना. एकदा तर माझाच डोळा लागला. अंगदनं हलवून उठवलं तेव्हा तो हसत होता.

एका सोमवारी त्यानं आप्पांना खुर्चीत बसवलं. आप्पा डोळ्यांत तेल घालून बसले. पापणी जड झाली की खोकायचे. मध्येच चहा मागायचे. एका हातानं मांडीला चिमटा काढत होते, ते मी बाकावरून आरशात बघितलं. दाढी लोण्यासारखी झाली. “बरी हाय,” आप्पा उठून म्हणाले. “पन झोप न्हाई आली.”

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला आप्पा दुपारी ताणून देऊन, ताजेतवाने होऊन आले. अंगद वस्तरा धुवायचा, पुसायचा आणि पुन्हा पथरी काढायचा. मोनिका सलूनमागच्या घराच्या दारातून मला विचारायची, “आज तरी झोपले का ओ काका?” आणि मी नाही म्हणून मान हलवायचो. संगमनेरहून फोन येत होते. दसऱ्यापर्यंत थांबतो, मग दुसरा माणूस बघतो, असं गोरक्षनाथनं स्पष्ट सांगितलं होतं.

माझं डोकं फिरलं. एकदा आप्पा एकटे बसले असताना मी जाऊन म्हणालो, “आप्पा, धार लागलीय. माझ्या गालाला कळतं.”

“तुमचा गाल पेंडीवाल्याचा,” आप्पा म्हणाले.

“चिमटे काढून जागं राहता, ते काय मला दिसत न्हाई का? पोराला असं अडकवून ठेवायचं व्हय?”

आप्पांनी मान रस्त्यावरच्या टेम्पोकडे वळवली. मग म्हणाले, “बिभीषणाच्या वेळंला मी एकदाच डोळं मिटलं, काकासाहेब.”

मी दुकानात परत आलो आणि उगाच पोती इकडची तिकडं केली. राग गेला नाही, पण तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी अंगदकडे बाकावर बसलो होतो. आप्पांना दोन दिवस ताप येऊन गेला होता, दाढीचे खुंट वाढले होते. अंगदनं त्यांना खुर्चीत बसवलं, साबण लावला, चामड्यावर वस्तरा फिरवला. आप्पांनी खोकून पाहिलं. चिमटा काढायला हात मांडीकडे नेला, पण तो तिथंच पडून राहिला. दुसरा गाल निम्मा झाला आणि आप्पा घोरायला लागले.

मी अंगदकडे बघून खूण केली, झोपले. तो हसला. मला इतका आनंद झाला की उठून मोनिकाला हाक मारणार होतो. अंगदनं मानेनंच थांबवलं आणि राहिलेला गाल शांतपणे पुरा केला. आता कातडी ताणून धरलेला डावा हात काढायचा तेवढा राहिला होता. त्यानं हात काढायला घेतला, तर आप्पांचं डोकं हाताबरोबर कलंडलं आणि त्याच्या तळव्यात येऊन टेकलं. तोंड उघडं पडलं. अंगदनं पुन्हा हात सोडवून बघितला. डोकं पुन्हा त्याच्या मागं आलं.

तो तसाच उभा राहिला. एका हातात वस्तरा आणि एका हातात बापाचं डोकं. ती खुर्ची, ते आरसे, ते संगमनेर, सगळं त्याच्यासमोर होतं. तो मात्र आरशात त्या उघड्या तोंडाकडे बघत होता. त्याचं हसू कधी गेलं ते मला कळलंच नाही.

मागून मोनिकाच्या चपलांचा आवाज आला. ती चहा घेऊन येत होती.

अंगदनं उजवा हात लांब केला आणि वस्तऱ्याची धार वाटीच्या काठावर मारली. टिंग.

आप्पा दचकून जागे झाले. त्यांनी वाटीकडे बघितलं, वस्तऱ्याकडे बघितलं, मग आरशातून अंगदकडे. त्यांचे ओठ हलले. मी वाट बघत होतो, आता ओरडतील, मग ओरडतील. ते काहीच बोलले नाहीत.

मोनिका कप घेऊन दारात उभी होती. “झोपले हुते का ओ?” तिनं मला विचारलं.

“न्हाई,” अंगदनंच उत्तर दिलं. “आन धार बी गेली.”

त्यानं आप्पांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, हात धरून त्यांना बाकावर आणून बसवलं. मग पथरी काढली, तिच्यावर पाणी टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.