नावाआधीची मोकळी जागा

सिताराम कुठल्याही यंत्राला 'चांगलं' म्हणत नसे. तो कोपरखैरणे गावात तीस वर्षं लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइन करत होता, त्यामुळे कोणाला नवीन काही घ्यायचं असलं की तो माणूस आधी सितारामच्या गाळ्यात डोकावून जाई. झेरॉक्सवाला प्रिंटरबद्दल विचारी, फोटो स्टुडिओवाला लॅपटॉपबद्दल, खारघरच्या कॉलेजात शिकणारी पोरं तर रोज एक नवीन वेबसाइट घेऊन येत. सितारामजवळ तीनच शेरे होते. 'काढून टाक', 'बघू' आणि 'चालेल'. 'चालेल' मिळालं म्हणजे पोरं पेढे वाटायच्या बेतात असत.

त्यानं सगळ्यांना नावं ठेवली होती, आणि ती ठेवताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. दर महिन्याला भाडं घेणारं सॉफ्टवेअर म्हणजे 'घरमालक'. आपण वर्षानुवर्षं राहायचं, आणि एके सकाळी उठून बघावं तर त्यानं दाराची कडी दुसऱ्या बाजूला लावलेली. आयते नमुने देणाऱ्या वेबसाइटला तो तयार कपड्यांचं दुकान म्हणे; गावातल्या चार लग्नांना एकच मोर आणि एकच कमान, पाहुण्यांनी कुठल्या हॉलवर जायचं ते पत्ता वाचूनच कळायचं. हातातल्या घड्याळाला त्यानं 'सासू' नाव दिलं होतं, कारण माणूस बसला की ते ऊठ म्हणायचं आणि चालला की अजून चाल म्हणायचं. काचेवर लिहायचं पेन मात्र त्यानं मनापासून वापरून पाहिलं होतं. त्याचं म्हणणं असं की भिंत ब्रशला थोडं अडवते म्हणून अक्षराला वळण येतं. काच काहीच अडवत नाही. आणि विचारायच्या आधी उत्तर देणारं जे नवीन एआय आलं होतं, त्याला तो सरळ 'आगाऊ' म्हणे.

लोकांना वाटे, म्हातारा होत चाललाय, नवीन जमत नाही. हे साफ खोटं. होड्यांच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नावं रंगवणाऱ्या या माणसानं ब्रश सोडून माउस धरला, एकामागून एक सात-आठ सॉफ्टवेअरं पालथी घातली, प्रत्येकाचे आडमार्ग पाठ केले. नवीन शिकायचा त्याला कंटाळा नव्हता. शिकलेलं दर दोन वर्षांनी विसरायचा कंटाळा आला होता. जुन्या फॉन्टमधल्या गावाच्या सगळ्या पत्रिका एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. त्या नव्यावर उघडल्या की पानभर मुंग्या सांडल्यासारखं दिसे. त्यामुळे तो म्हातारा डबाही त्यानं ठेवला होता, आणि त्याला कोणी शेरा विचारत नसे.

एक गोष्ट मात्र त्यानं यंत्राच्या हाती कधी दिली नाही. पत्रिका छापायला जाण्याआधी तो ती घेऊन त्या घरी जाई, घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईसमोर बसे आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवी. श्री. आलं की 'श्रीयुत' म्हणे, कै. आलं की 'कैलासवासी', एकही अक्षर गिळायचं नाही. डोळा चित्र बघतो, त्याला मोर आवडतो. नाती कानाला कळतात, असं त्याचं म्हणणं. याला कारणही घडलेलं होतं. कॉम्प्युटरवर केलेल्या पहिल्याच पत्रिकेत एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवताना 'कै.' हे अक्षर रोहिदास नावाच्या धडधाकट गृहस्थाच्या नावाला लागून गेलं. रोहिदास दुसऱ्या दिवशी गाळ्यात येऊन शांतपणे बसला आणि म्हणाला, "मी मेलू, ना मलाच कोनी सांगतला नाय?" पुढं तो चौदा वर्षं जगला आणि भेटेल तिथं सितारामला स्वतःच्या तेराव्याचं आमंत्रण देत राहिला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. सिताराम तेव्हापासून पत्रिका वाचून दाखवू लागला.

आता रविवारची गोष्ट. त्याची मुलगी रुतिका महापेच्या एका कंपनीत होती आणि वर्षभर एकाच कामाला जुंपलेली होती. जुन्या पत्रिकेचा फोटो द्यायचा, नवीन नावं फोनशी बोलायची, की दोन मिनिटांत मराठी पत्रिका तयार. सोमवारी तिला ते साहेबांपुढे ठेवायचं होतं. सोबत एका जाणत्या डिझाइनरचा अभिप्राय हवा होता, आणि तिनं वडिलांचं नाव आधीच देऊन टाकलं होतं. अभिप्राय बरा आला तर काम तिच्या नावावर पुढं जाणार, नाही तर टीमच मोडणार. नमुना म्हणून तिनं घरचीच पत्रिका घेतली होती. सितारामच्या थोरल्या भावाच्या मुलाचं, प्रणयचं लग्न ठरलं होतं. प्रणयच्या मोठ्या भावाच्या, दीपेशच्या लग्नाची सितारामनं केलेली पत्रिका तिनं यंत्राला दिली होती.

"पप्पा, खरं सांगा हां," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून नको."

सितारामला कळत होतं की त्याच्यापुढं काय ठेवलंय. हे चाललं, तर गाळा बंद. हे चाललं नाही, तर पोरीचं वर्ष पाण्यात. त्यानं चष्मा पुसला आणि खोड शोधायला बसला. रफार जागेवर होता. 'ऱ्हा'तल्या अर्ध्या 'र'ची कोयती बरोबर वळली होती. फोनशी त्याचा भाऊ बोलला होता, आणि भाऊ 'ळ'ला जन्मभर 'ल' म्हणत आला होता. तरी यंत्रानं 'ळ'च लिहिला होता. दोन ओळींत श्वास घ्यायला जागा होती. अठ्ठावन्न नावं एका पानावर बसवताना त्याचा स्वतःचा अख्खा दिवस जात असे, आणि पाठ धरत असे ती वेगळीच. इथं एकही नाव चेंगरलं नव्हतं.

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. शेवटची बस गेल्यावर आता धावायला नको म्हणून माणसाला जसं हलकं वाटतं, तसं काहीतरी झालं. आणि त्या थकव्यात तो बोलून गेला, "चांगलं आहे."

रुतिका बघतच राहिली. तिनं परत विचारलं, त्यानं परत तेच सांगितलं. मग तो उठला, छापील कागद हातात घेतला आणि म्हणाला की गंगूकाकीला वाचून दाखवून येऊ. आता त्याची काय गरज, असं रुतिकाला वाटलं, पण तिनं वाद घातला नाही. वाचायचं मात्र तिनं मागून घेतलं. पत्रिका तिची होती.

गंगूकाकी म्हणजे सितारामची चुलती, गावातल्या त्यांच्या भावकीत सगळ्यांत मोठी. वय पंच्याऐंशी, कानानं अर्धवट. ती ओट्यावर बसून सुका जवळा निवडत होती. शेजारी तिची सून सुमित्राबाई सूप धरून होती. सुमित्राबाईचा नवरा कमळाकर एकोणीस वर्षांपूर्वी होडी घेऊन खाडीत गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण गंगूकाकीनं दिवस घालू दिले नाहीत. माझा पोर येईल, म्हणाली. तेव्हा सुमित्राबाई बत्तीस वर्षांची होती. हिरव्या बांगड्या तिच्या हातात तशाच राहिल्या, नव्या भरल्या की काकी मोजून बघे.

रुतिकानं वाचायला सुरुवात केली. गणपती, कुलदैवत, मग आशीर्वाद देणाऱ्या थोरांची ओळ. मोठ्यानं वाचायचं म्हणून तिचा सूर लागला होता. "कैलासवासी धर्मा... कैलासवासी बाळाराम... कैलासवासी कमळाकर..."

सुपातला जवळा हलायचा थांबला.

 सितारामनं तिच्या खांद्यावरून कागद पाहिला. 'कै.' तिथंच होतं, ठळक, सुबक. गाळ्यात दोनदा नजर फिरवली तेव्हाही तिथंच असणार. एकोणीस वर्षांत त्यानं घरच्या जितक्या पत्रिका केल्या, त्या प्रत्येकीत कमळाकरचं नाव निमंत्रकांच्या ओळीत शेवटी घातलं होतं, आणि त्याच्याआधी श्री. नाही, कै. नाही, नुसती बोटभर जागा सोडली होती. सुमित्राबाईच्या नावाआधीही तेवढीच. ना सौ., ना श्रीमती. ही जागा त्यानं कोणाला सांगितली नव्हती, रुतिकालासुद्धा नाही. यंत्राला अठ्ठावन्न नावांत दोन नावं उघडी दिसली. रुतिकानं 'सगळं दुरुस्त करा' दाबलं, आणि त्यानं नवऱ्याला उचलून वरच्या ओळीत मेलेल्यांत बसवलं, बायकोला श्रीमती केलं. आगाऊपणा त्याचा होता, पण 'चांगलं' म्हणणारा सिताराम होता. स्वतःची त्याला आता वाटली तेवढी लाज रोहिदासच्या वेळीही वाटली नव्हती.

"काय वाचलास गो?" गंगूकाकीनं कान पुढं केला. "कमलाकरचा नाव आयला ना? परत वाच."

रुतिकाचा चेहरा उतरला होता. तिनं वडिलांकडं पाहिलं, मग सुमित्राबाईकडं. सुमित्राबाईनं सूप खाली ठेवलं आणि अगदी थोडी मान हलवली.

रुतिकानं ओळ पहिल्यापासून घेतली. धर्मा, बाळाराम. मग ती श्वासभर थांबली आणि नुसतंच म्हणाली, "कमळाकर." काकीनं "बराबर हाय" म्हणून पुन्हा जवळ्यात हात घातला. उरलेली नावं रुतिकानं कशीबशी वाचून संपवली.

दोघं निघाली तेव्हा सुमित्राबाई गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आली. सितारामनं माफी मागायला तोंड उघडलं. वैनी, चुकी माझी, उद्याच्या उद्या काढतो, असं काही तो बोलू लागला. तिनं त्याला मध्येच थांबवलं.

"आय हाय तवर काढा, भावजी. तिला नाय सोसायचा." मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "पन एकोनीस वर्सां तुमी ती जागा सोरत आलाव. ती माज्यासाठी सोरली, असा वाटला का तुमाला?"

 सितारामला तसंच वाटत आलं होतं. त्या बोटभर जागेचा त्याला मनातून अभिमानही होता.

"दर पत्रिकेत मी आदी तीच बगायची," ती म्हणाली. "वाटायचा, या टायमाला कोनीतरी खरा काय ता लिवला असंल. आज निदान कानांनी आयकला. बरा झाला."

ती परत फिरली. बांगड्यांचा आवाज गल्लीभर ऐकू येत होता.

 गाळ्यात आल्यावर रुतिकानं लॅपटॉपवर पत्रिका उघडली, कमळाकरचं नाव खालच्या ओळीत आणलं, त्याआधीचं कै. पुसलं. श्रीमती पुसलं. दोन्ही मोकळ्या जागांखाली लगेच लाल रेघ आली आणि एक चौकट उघडली. इथे काही राहिलं आहे का? खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'नाही'.

तिचा हात माउसवर तसाच राहिला. 'नाही दाब' असं सितारामच्या ओठावर आलं होतं. एकोणीस वर्षं त्यानं तेच तर दाबलं होतं. पण आता ते त्याच्यानं म्हणवेना, आणि काकी जिवंत असताना 'हो'ही म्हणता येईना. खुर्चीला पाठ टेकून तो त्या चौकटीकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत यंत्रानं त्याला पहिल्यांदाच विचारण्यासारखं काही विचारलं होतं.

"यात तिसरं काही नाही?" त्यानं विचारलं.

"नाही, पप्पा. दोनच ठेवलेत."

"तिसरं घाल आधी."

"तिसऱ्यावर लिहू काय?"

त्याला ते सुचेना.  शेवटी रुतिकानं लॅपटॉप हळूच मिटला आणि उद्या साहेबांना काय सांगू, एवढंच विचारलं.

"सांग, पप्पा बघू म्हणाले," सिताराम म्हणाला. मग उठून त्यानं जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि दीपेशची पत्रिका उघडून प्रणयची नावं एकेक करून हातानं घालायला बसला. कमळाकरच्या नावाशी आल्यावर त्यानं नेहमीची जागा सोडली, पण या वेळी ती त्याला नुसती बोटभर वाटली नाही.