इकडे बघू नका!

राजेहो, पासपोर्ट फोटोचं एक पाकीट आठ फोटोंचं असतं. माणूस दोन फॉर्मला चिकटवतो, चार घरी नेतो आणि दोन हमखास माझ्या काउंटरवर विसरतो. सिंदेवाहीत स्टुडिओ टाकल्यापासून असे विसरलेले चेहरे ड्रॉवरमध्ये साठत आलेत, आणि त्यांच्यासोबत किस्सेही. आता ड्रॉवर बंद होत नाही, म्हणून थोडे तुमच्याकडे ओततो.

पोटापाण्यासाठी मी लग्नं, बारशी अन् पासपोर्ट काढतो. जीव मात्र रस्त्यावरच्या फोटोंत. गेल्या वर्षी नागपूरच्या एका प्रदर्शनवाल्या सरांनी मला संधी दिली. अट एकच: "दहा फोटो पाहिजेत, आणि एकाही फोटोत कोणी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझे फोटो भिंतीवर लावणार होतं! अट ऐकून मी हसलो. तिथंच चुकलं. अर्ध्या तालुक्याची लग्नं मीच काढलेली. कॅमेरा दिसला की इथली माणसं आपोआप ताठ उभी राहतात, हे मी विसरलोच.

*

आठवडी बाजार. वांग्यांवरून एक गिऱ्हाईक आणि विकणारा असे भांडत होते, की आता एकमेकांची कॉलर धरतात! मी हळूच कॅमेरा उचलला. झालं! दोघांनी मला पाहिलं. गिऱ्हाइकानं केसांवरून हात फिरवला आणि विकणाऱ्याच्या खांद्यावर टाकला. "काढा भाऊ!"

काढला. मग खांद्यावरचा हात खाली घेत तो म्हणाला, "हं, तं मी काय म्हनत होतो, चोरा?"

*

सलूनवाले गणपतभाऊ एका दुपारी स्वतःच्याच खुर्चीत आ वासून झोपलेले. कोणाकडेच बघत नव्हते! फोटो इतका झकास आला की मोठा करून, फ्रेम लावून शोकेसमध्ये ठेवला. चौथ्या दिवशी गणपतभाऊ स्टुडिओत हजर.

"मी मेलो काय?"

"काऊन, काय झालं?"

"तुमी फ्रेम लावली न बाप्पा! तीन दिवस झाले, लोकं घरी भेटाले येऊन राह्यले. अन् चहा मीच देऊन राह्यलो!"

मी शरमलो. लगेच फ्रेम काढायला उठलो, तर त्यांनी हात धरला. "राहू द्या अजून दोन दिवस. लोकं लय चांगलं बोलून राह्यले."

*

काम आणि कला एकाच वेळी करायला गेलं की बोंबच होते. शेजारच्या गावच्या कौसल्याबाईंच्या लेकीचं लग्न होतं, नवरदेव वरोऱ्याचा. ऐन हार घालताना मंडपात बकरी शिरली आणि नवरदेवाचा हार चावू लागली. आता असा क्षण कोणी सोडतो का? मी बकरीवर फोकस केला.

अल्बम पाहून कौसल्याबाई म्हणाल्या, "बकरी छान आली. जवई कुठी आहे?"

"तो काय, मागं. जरासा ब्लर आहे."

"अन् मी?"

कौसल्याबाई बारा फोटोंत होत्या आणि बाराही ठिकाणी डोळे मिटलेले! तेव्हापासून बाजारात भेटोत की बस स्टँडवर, एकच प्रश्न: "भाऊ, मी का लेकीचं लग्न झोपून लावलं?" मला खरंच लाज वाटायची.

*

आमच्याकडे वाघ मागून झडप घालतो. म्हणून मोहफुलं वेचायला जाणारे लोक डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधतात. वाघाला वाटावं, हा आपल्याकडेच बघून राह्यला! कौसल्याबाईंच्या गावात असे मुखवटे वाटायचा कार्यक्रम झाला, फोटोचं काम माझ्याकडे. प्रमुख पाहुणे आलेल्या साहेबांनी स्वतः मुखवटा बांधला.

"माझा चेहरा आणि मुखवटा, दोन्ही एका फोटोत पाहिजेत."

"साहेब, ते उलट बाजूंना आहेत."

साहेबांनी विचार केला. "मग दोन फोटोग्राफर आणायचे ना!"

*

नऊ फोटो जमले, दहावा काही जमेना. शेवटच्या तारखेला भल्या सकाळी कौसल्याबाईंच्या गावाबाहेर गेलो. अंधुक उजेडात आठ बाया कमरेवर टोपल्या घेऊन मोहाकडे चाललेल्या, माझ्याकडे पाठ करून. कोणाला पत्ताच नाही! श्वास रोखून क्लिक केलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. धावत स्टुडिओत आलो आणि नीट न पाहताच दहाही पाठवून दिले.

संध्याकाळी सरांचा फोन. "नऊ सुंदर आहेत. दहाव्यात मात्र आठही जणी थेट तुमच्याकडे बघताहेत."

"सर, ती पाठ आहे!" म्हणत मी फोटो उघडला. आठही मुखवटे माझ्याकडे टकमक बघत होते.

"मग पाठीला सांगायचं ना, इकडे बघू नको म्हणून! नऊवर प्रदर्शन होत नाही."

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तो फोटो कौसल्याबाईंना नेऊन दिला. त्यांनी लुगड्यावरून स्वतःला ओळखलं. "पाहा भाऊ, या खेपेस डोळे कसे टक्क उघडे आले!" म्हणाल्या, आणि लेकीच्या अल्बमात पहिल्याच पानावर चिकटवला.

गेल्या महिन्यात वरोऱ्याची विहीण कौसल्याबाईंच्या घरी आली. अल्बम उघडला, पहिल्याच पानावर थांबली. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा कौसल्याबाईंकडे.

"विहीनबाई, तुमी यात अगदी हुबेहूब आल्या! आमच्या धाकट्याच्या लग्नाले याच फोटोग्राफरले सांगा!"