फिल्टरमधला कीस

भिंगवाले काका स्वतःच्या सावलीलाही मागे फिरू द्यायचे नाहीत. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधण्यात त्यांची हयात गेली. खिशात कायम भिंग असायचं, म्हणून हे नाव पडलं.

भरधाव वळणावर इंजिनातलं तेल एका बाजूला धावतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन जाम होतं. तसं होऊ नये म्हणून काकांनी एका गाडीला तेलाची वेगळी टाकी आणि जोरदार पंप द्यायचं ठरवलं. पंप आणून बसवला त्यांच्या मेव्हण्यानं. तिथेच काकांच्या मनात पाल चुकचुकली.

गाडी ट्रॅकवर फिरवून आणल्यावर, इंजिन झिजतंय का ते बघायला त्यांनी तेलाच्या फिल्टरचा डबा नव्या करवतीनं कापला आणि भिंग लावलं. आत लोखंडाचा कीस चमकत होता.

"जुना पंप रंगवून माझ्या गळ्यात मारलास! इंजिन खातोय तो!"

"भाऊजी, सख्ख्या बहिणीच्या घरी असं करेन मी?"

"सख्खेच करतात."

काकांनी सगळं इंजिन उघडलं. बेअरिंगं आरशासारखी लख्ख होती, झिजल्याची खूणही नव्हती. "माझा डोळा चुकवून नवी घातलीस वाटतं," ते पुटपुटले.

आता मात्र मेव्हण्याचं डोकं फिरलं. त्यानं फळीवरचा कोरा फिल्टर घेतला, काकांसमोरच वेष्टन फाडलं आणि त्याच करवतीनं कापला. आत तसाच कीस चमकला.

"तुम्ही डबा कापता ना भाऊजी, त्याचाच कीस आत पडतो!"

काकांनी करवत उचलून भिंगाखाली धरली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ही करवतही तूच आणली होतीस ना?"