उजव्या चाकाचा पाइप

सेलूत जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर बन्सीधर मिस्त्रीचं गॅरेज आहे. ब्रेक तपासायचा म्हटला की तो पायताण काढून गाडीत बसायचा, जणू देवळातच बसलाय. पेडल स्पंजासारखं लागलं तर तेलात हवा, हळूहळू खाली गेलं तर आतलं रबर खलास. डोळे मिटून तळव्यानं सांगायचा, आणि बघणारे माना डोलवायचे.

गेल्या मार्चमध्ये राजेश्रीताईंनी वडिलांची जुनी फियाट त्याच्या दारात ओढून आणली. दत्तराव वकील वारले होते, आणि सत्तावीस वर्षं शेडमध्ये झाकून पडलेली ती गाडी ताईंना चालती करायची होती. बन्सीधरनं गाडी लगेच ओळखली.

सत्तावीस वर्षांपूर्वी तिच्या ब्रेकचं काम याच गॅरेजात झालं होतं. चाकाच्या ढोलाला आतून दाबून चाक थांबवणारे शू त्याच्या हाताखालच्या सुगतनं बसवले, बाकी सगळं बन्सीधरनं. आठव्या दिवशी ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढली गेली आणि बाभळीवर आदळली. वकिलांचा गुडघा कायमचा गेला. जमलेल्या लोकांनी विचारलं तेव्हा बन्सीधर एवढंच म्हणाला, "शू सुगतनं बसवलेत." ते खोटं नव्हतं. पण तेवढं बोलून तो थांबला. बौद्धवाड्यातल्या माणसाच्या माथी खापर फोडायला गावाला पुरावा लागत नाही. सुगतनं पाने खाली ठेवले आणि तो बायकोमुलीला घेऊन चुडाव्याला, आपल्या गावी निघून गेला. पुन्हा गाडीला हात लावला नाही.

आता बन्सीधरनं कुजलेली रबरं बदलली, नवं तेल भरलं, चाकं उचलली आणि ताईंना पेडल दाबायला लावून एकेक हातानं फिरवून पाहिलं. डावं चाक घट्ट धरलं. उजवं मोकळं फिरत राहिलं. उजव्या चाकाजवळचा तेल सोडायचा स्क्रू सैल केला, तर तेलाचा थेंब नाही. चाकाला तेल नेणाऱ्या रबरी पाइपाच्या अलीकडचा नट सैल केला, तर तेल उडालं. म्हणजे अडलं ते पाइपातच. बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर पाइपाला ओलं फडकं पिळावं तसा पीळ बसलेला, आणि एका जागी तो दुमडून चिमटला होता. त्या गॅरेजात नट आवळणारा आपापल्या रंगाचा ठिपका त्यावर देत असे. सुगतचा हिरवा, बन्सीधरचा पिवळा. पाइपाच्या नटावर पिवळा होता. ढोल काढून पाहिले, शू अगदी नेमके बसलेले.

"काय निघालं, काका?" ताईंनी विचारलं.

"माझी चूक निघाली, ताई."

त्यांनी वाकून तो पाइप पाहिला. मग म्हणाल्या, "बाबा शेवटपर्यंत सुगतचंच नाव घ्यायचे."

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या गाडीनं चुडाव्याला गेला. सुगत अंगणात बसला होता, डोकं पांढरंशुभ्र. त्याच्या बायकोनं, सुकेशनीनं, पाण्याचा तांब्या ठेवला.

"लवकर आलात, भाऊ," ती म्हणाली. "आनखी थांबला असता, तर ह्यांच्या मातीलाच आला असता."

बन्सीधरनं मान खाली घातली. "सुगत, तुझे शू बरोबर होते. पाइप पिळलेला निघाला. माझ्या हातचा."

"मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"ढोल बसवतानाच दिसला. तुमाला सांगितलं बी होतं. तुमी म्हनलात, आता तू मला शिकवायलास का?"

बन्सीधरला हे आठवतच नव्हतं. चुकीपेक्षा ते जास्त लागलं.

"सेलूत चारचौघांत सांगतो मी."

"कोनाला सांगता, मिस्त्री? निम्मे तर वर गेले." सुगत हसला, पण ते हसणं काही टिकलं नाही. "रोहिणी आत हाय, तिला सांगा. बापाच्या हातानं मानूस लंगडा झाला, हे ऐकतच पोर वाढली."

रोहिणी बाहेर आली. चाळिशीकडे झुकलेली, शाळेत शिकवणारी बाई. बन्सीधर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, पाइप, पिवळा ठिपका, 'शिकवायलास का' हेसुद्धा. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"अप्पा, मला का न्हाई सांगितलं कधी?"

"सांगितलं असतं, तर खरं वाटलं असतं तुला?"

रोहिणी बापाजवळ खाली बसली. परतीच्या गाडीला अजून दोन तास होते. बन्सीधर तसाच उभा राहिला. त्याला बसा असं कुणी म्हणालं नाही.