कधीच न लढलेल्या किल्ल्याचा वेढा

साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून मी मुलाकडे अमेरिकेत प्लेनोला राहायला आले आणि पहिल्याच महिन्यात कळलं, इथे माझं ऐकायला कोणी नाही. मुलगा-सून दिवसभर मीटिंगमध्ये. एकदा डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता मी मोठ्याने पानिपतच्या पराभवाची कारणं सांगत होते, तर सून घाबरून खाली धावत आली.

म्हणून तासाभरावरच्या एका म्युझियमला व्हॉलंटिअर गाइड हवेत असं कळल्यावर मी हट्टच धरला. हे म्युझियम आहे एका किल्ल्यात. किल्ला अस्सल मध्ययुगीन, फक्त मूळचा युरोपातला. तेलावर गब्बर झालेल्या इथल्या एका गृहस्थाने तो चिरा न् चिरा सुटा केला, प्रत्येक चिऱ्यावर नंबर घातला, जहाजाने आणला आणि टेक्ससच्या माळावर पुन्हा रचला. त्याच्यामागे त्याच्या बायकोने चिलखतं, भाले काढून टाकले आणि मॉडर्न आर्ट भरलं. आता दरबारात एक पांढराशुभ्र कॅनव्हास आहे, त्यावर एकच निळा ठिपका. तळघरात ट्रकचे टायर. ते टायर मला अजून पटलेले नाहीत, पण त्यांच्याबद्दल म्युझियमने गाइडना दिलेल्या फाइलमध्ये जे लिहिलंय ते मी तोंडपाठ केलं होतं.

नियम एकच होता: फाइलमध्ये आहे तेवढंच बोलायचं. परीक्षेची टूर नीट झाली की बॅज मिळणार. तो बॅज मला इतका हवा होता की आदल्या दिवशी जेवण गेलं नाही.

परीक्षेला माझ्या वाट्याला मराठी ग्रुप आला. बारा काका-काकू, आणि त्यांची व्हॅन चालवत आलेली एका काकांची कॉलेजातली नात. मागे क्लिपबोर्ड घेऊन कोऑर्डिनेटर बाई. त्यांना मराठी येत नव्हतं, पण मी घड्याळाकडे किती वेळा बघते ते त्या लिहून घेणार होत्या.

दारातच घोळ झाला. किल्ला म्हटल्यावर बाराही जणांनी वाकून पहिल्या पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. त्यांचं काहीतरी खाली पडलं असं वाटून गार्ड टॉर्च घेऊन आला.

मी ठिपक्यापाशी फाइल सुरू केली. कोणी ऐकेना.

“पाण्याचं टाकं कुठाय?” एका काकूंनी विचारलं.

“चोरदरवाजा?” दुसऱ्या म्हणाल्या.

“ते राहू दे,” नातीचे आजोबा म्हणाले, “वेढा किती महिने चालला ते सांगा.”

फाइलप्रमाणे उत्तर असं होतं की या किल्ल्यावर कधीच कोणी हल्ला केला नाही. तिथला सरदार दरिद्री होता, पुढे तिथे धान्य ठेवायचे, मग शेळ्या बांधायचे. मी ते खरं खरं सांगितलं.

“एकसुद्धा लढाई नाही? मग कशाला आणला एवढ्या लांब?” आजोबा म्हणाले आणि माझ्याकडे पाठ फिरवून बाकावर बसले. बाकीचेही बसायला जागा शोधू लागले.

मला राग आला. तीस वर्षांत माझ्या वर्गात कोणी पाठ फिरवून बसलं नव्हतं. मी फाइल मिटली आणि वेढा घातला. पाच हजारांची फौज, पायथ्याशी तंबू, वर मूठभर माणसं. भिंतीतल्या एसीच्या भोकातून उकळतं तेल ओतलं. बुरुजावरून एका फितुराचा कडेलोट केला. आजोबा उठून पुढे आले. काकूंनी फोन पर्समध्ये टाकले. खोटं कशाला बोलू, मी फार सुखात होते.

“आणि अकराव्या दिवशी,” मी आवाज खाली आणला, “वरचं पाणी संपलं.”

तेवढ्यात नातीने मागे वळून कोऑर्डिनेटर बाईंना इंग्रजीत विचारलं, “हे अमेझिंग आहे! ती फौज कुठल्या देशाची होती?”

बाईंनी फाइल उघडली, मग माझ्याकडे बघितलं. मी आधी इंग्रजीत, मग मराठीत सगळ्यांना सांगितलं: वेढा, तेल, फितूर, सगळं माझ्या मनचं होतं. खऱ्या फक्त शेळ्या.

बाई रागावल्या नाहीत. मला बाजूला घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, “शाळेत तुम्ही मुलांना असं सांगितलं असतंत?”

“नाही,” मी म्हणाले. एखाद्या विद्यार्थ्याने पेपरात असं लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता. बॅज मिळाला नाही. मला फार वाईट वाटलं आणि वर लाजही वाटली.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. त्यांची व्हॅन एव्हाना गेली असेल असं मला वाटलं होतं. ती एसी लावून उभी होती, पुढची एक सीट रिकामी ठेवून.

“बाई, खोटं तर खोटं,” आजोबा खिडकीतून म्हणाले. “पण पाणी संपल्यावर त्यांनी काय केलं?”

“अँड प्लीज, स्लो मराठी,” नात म्हणाली.

मुलगा मला न्यायला यायचा होता. मी त्याला फोन केला. “आज येऊ नकोस,” म्हटलं. “इथे मंडळी ऐकतायत.”