लेकीच्या घरचं पाणी

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दाढी करून घेताना, कुठेही मला वकील म्हणून ओळखणारा भेटला की एकच प्रश्न येतो. "साहेब, माणूस गुन्हेगार आहे हे माहीत असून तुम्ही त्याच्या बाजूने लढता तरी कसे?" माझं उत्तर पाठ आहे. निवाडा करणं न्यायाधीशाचं काम, माझं नाही. वकीलच नसेल तर पोलीस बोट दाखवतील तो चोर. जळगावच्या एका सुतारावर मालकाने चोरीचा आळ घातला होता, तो मी निर्दोष सोडवला. त्याचा मला आजही अभिमान आहे. हे सगळं खरं आहे. पण धुळ्याच्या कोर्टात मी पाण्याचा मुद्दा काढला, त्या खटल्यानंतर हे उत्तर देताना माझी मलाच शिसारी येते.

आरोपी शिंदखेड्याकडचा, बियाण्यांच्या दुकानाचा मालक. लग्नाला दोन वर्षं झालेली बायको मळ्यातल्या विहिरीत सापडली, तीही तीन दिवसांनी. छळ करून तिला मरायला लावलं, असा खटला नवऱ्यावर उभा राहिला. पहिल्याच भेटीत हा गृहस्थ माझ्या ऑफिसात पाय पसरून बसला आणि विचारता झाला, "साहेब, तिच्या हातावरच्या चटक्यांचं कुठे काही लिहिलंय का?"

मी तोवर कागद उघडलेही नव्हते. चटक्यांचा विषय कोणी काढला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी पोस्टमॉर्टेमचा कागद पाहिला. तीन दिवस पाण्यात राहिलेल्या देहावर डॉक्टरला काही ओळखता आलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो. त्याने सुस्कारा सोडला आणि चहा मागवा म्हणाला. मेल्याला चहा सुचत होता! आणि मी मागवला.

चटके पाहिलेलं माणूस जगात एकच होतं, मुलीची आई. विधवा, पोटी दुसरं मूल नाही. आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. दिवाळीला एक वेळ नाही आणलं तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. आणायला भाऊ जातो, काका जातो. हिच्या घरात जायला कोणी नव्हतं म्हणून ही बाई स्वतःच गेली. सासरच्यांनी पाठवायला नकार दिला, आत यासुद्धा म्हटलं नाही. ती ओट्यावर टेकली. लेक पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तांब्या पुढे केला तेव्हा पदर सरकला आणि मनगटाच्या वर तीन चटके दिसले. लेक हळूच म्हणाली, "माय, हाऊ माणूस माले जगू देवाव नही." महिन्याभरात ती विहिरीत गेली.

एवढीच साक्ष, पण अस्सल. बाई पिंजऱ्यात उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरत एकेक शब्द सांगत गेली आणि न्यायाधीश लिहिता लिहिता थांबून ऐकू लागले. माझा आरोपी घामाघूम. ती साक्ष टिकली असती तर तो आत गेला असता. तिच्या मुलीसाठी जगात जे काही होणं शक्य होतं, ते त्या बाईच्या शब्दावर टांगलेलं होतं.

मी उठलो. आधी अहिराणीत विचारलं, "अक्का, तुमनं गाव कोनतं?" तिचा चेहरा खुलला. आपल्यातला माणूस भेटला! दोन-चार प्रश्न गावाचे, शेताचे. मग मराठीत आलो. स्वयंपाक करताना तव्याचा चटका बसू शकतो, हे खरं आहे? "हा भाऊ." त्या दिवशी तुम्ही लेकीच्या घरात गेलात? "नही, ओटावरच."

"तिने आणलेलं पाणी प्यायलात?"

"नही. पन भाऊ, आंडेरना घरनं..."

"हो की नाही, एवढंच सांगा अक्का."

"नही."

मी खाली बसलो.

ती काय सांगणार होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. आंडेर म्हणजे लेक. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. लेक दिली, आता तिच्या घरचं काही घ्यायचं नाही. माझी स्वतःची आई साक्रीला बहिणीकडे जायची ती फिरकीचा तांब्या भरून घेऊन. बहिणीला दोन मुलं झाली तरी आईचा तांब्या सुटला नाही. लहानपणी बसमध्ये तो तांब्या मांडीवर धरून मी बसलेलो आहे. आणि तरी मी त्या बाईचं वाक्य मध्येच तोडलं. केसाने गळा कापणं दुसरं काय असतं?

सरकारी वकिलाने फेरतपासणीत एक प्रश्न विचारला असता, "का नाही प्यायलात?" तर माझा डाव तिथेच कोसळला असता. पण तो बाहेरचा, नवा, हातात त्या दिवशीच्या आणखी सहा फायली. न्यायाधीश कोकणातले. त्यांना रीत माहीत नसावी, आणि असली तरी कागदावर जे आलं नाही ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. शेवटच्या युक्तिवादात मी आवाज चढवून म्हणालो, सख्खी आई लेकीच्या दारात जाते, घरात पाऊल टाकत नाही, घोटभर पाणी पीत नाही. इतका दुरावा असलेल्या आईजवळ लेक मन मोकळं करेल? बोलताना मला मजाही येत होती. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

आरोपी निर्दोष सुटला. निकालपत्रात ओळ आली, मयत आणि तिची आई यांचे संबंध सलोख्याचे दिसत नाहीत. मुलगी गेली ती गेलीच, वर तुझं तिच्यावर प्रेम नव्हतं, असा सरकारी शिक्का त्या बाईच्या कपाळावर बसला. तो मी बसवला.

संध्याकाळी हा नालायक पेढे घेऊन ऑफिसात हजर. "साहेब, पाण्याचा मुद्दा एक नंबर!" बाररूममध्येही तेच. चार तरुण वकील भोवती जमले, सर, कसं सुचलं, सांगा ना. मी सांगितलं. पेढाही खाल्ला. तो गोड लागला, याचीच आज सगळ्यात जास्त किळस वाटते.

दोन-तीन दिवसांनी ती बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर दिसली. गावातल्या एका पोरासोबत निकालाची नक्कल घ्यायला आली होती. त्या पोराने तिला ती ओळ वाचून दाखवली असावी. मी नजर चुकवून निघालो होतो, तेवढ्यात ती समोर आली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, तुम्हले त बठ्ठं माहीत व्हतं." बठ्ठं म्हणजे सगळं.

माझ्याजवळ पाठ केलेलं उत्तर होतं ना? निवाडा करणं न्यायाधीशाचं काम वगैरे? मी फाईल काखेत मारून पायऱ्या उतरलो. आरोपीचा बचाव करणं हा माझा धर्म होता, आहे. त्याने गुन्हा केला नाही असं मी कुठे म्हणालो? पुरावा अपुरा आहे म्हणालो असतो तर रात्री झोपलो असतो. पण मी खरं बोलणाऱ्या बाईचं तोंड दाबलं आणि तिच्या मायेचीच साक्ष तिच्या विरुद्ध काढली. याला कोणत्या पुस्तकात धर्म म्हणतात ते मला दाखवा.

यंदा आखाजीच्या आधी जळगावला मुलीकडे गेलो. तिच्या लग्नाला वर्ष झालंय. मी सुधारलेला बाप, पहिल्याच भेटीत तिच्या सासरी मुद्दाम दोन पेले पाणी प्यायलो होतो आणि जुन्या रीतींवर लांबलचक भाषण ठोकलं होतं. या खेपेला ती पाणी घेऊन आली, तांब्या पुढे केला. माझी नजर आधी तिच्या मनगटावर गेली. तिथे एक लालसर डाग होता.

"हे काय गं?"

"काही नाही बाबा, तव्याचा चटका लागला," ती म्हणाली आणि बाही खाली ओढली.

खरंच तवा असेल. जावई चांगला आहे, हसून बोलतो, पाया पडतो. माझा तो आरोपीही चांगलाच दिसायचा. सगळा जन्म उलटतपासणीत गेला माझा, पण माझ्या लेकीला विचारायला पुढचा प्रश्न मला सुचेना. आत जावयाचा टीव्ही चालू होता.

"बाबा, पाणी घ्या ना. तुम्ही कुठे हे जुनं मानता?"

मी तांब्या हातात धरून बसून राहिलो. घोटभरही पाणी प्यायलो नाही.