खंडेनवमीत अडकलेली बॅटरी

विमानात ई-सायकल नेता येते, पण तिची बॅटरी नेता येत नाही. ना हातातल्या बॅगेत, ना खाली टाकायच्या सामानात. ही गोष्ट आम्हाला उट्रेख्तमध्ये तिकिटं काढून झाल्यावर कळली. मी बायकोला म्हणालो, "त्यात काय, बॅटरी सोलापुरात घेऊ. सोलापुरात काय मिळत नाही?" हे वाक्य पुढे आठवडाभर माझ्या मानगुटीवर बसलं. आन्नेके टोमणे मारत नाही. ती फक्त माझंच वाक्य माझ्याच सोलापुरी हेलात, चेहरा सरळ ठेवून, मला परत ऐकवते.

मुळात सायकल कशाला, हे विचारणारे पुष्कळ भेटले, म्हणून आधीच सांगतो. माझं गाव मंगळवेढ्याच्या थोडं अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. आई लहानपणीच गेली, काकूनं वाढवलं. लग्नानंतर आन्नेकेला तिथे दोनदा नेलं, दोन्ही वेळा भावाच्या एसी गाडीतून. दोन्ही वेळा आम्ही उतरलो की अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या यायच्या, सीलबंद पाण्याच्या बाटल्या यायच्या आणि काकू हिला म्हणायची, "म्याडम, घ्या की." हिनं ताट उचललं तरी चार बाया धावून यायच्या. बिचारी रोज संध्याकाळी मराठी शिकते, भाकरी थापायला शिकली, आणि तिथे जाऊन खुर्चीत बसून राहते. परत येताना मागच्या वेळी रडली. तेव्हाच तिनं ठरवलं की पुढच्या वेळी गाडीतून उतरायचं नाही. ती ज्या देशातली आहे तिथे घरचं माणूस सायकलवरून येतं, गाडीतून पाहुणे येतात. मी म्हटलं, बाई गं, आमच्याकडे उलटं असतं. पण तिला दसऱ्याला सोलापूरहून सायकलनं निघून काकूच्या दारात उतरायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मोटरशिवाय एवढा पल्ला तिला झेपणारा नव्हता. म्हणजे सगळं त्या बॅटरीवर आलं.

जुळे सोलापूर या उपनगरात भावाच्या फ्लॅटवर उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात गेलो. सायकलची मोटर साधी, छत्तीस व्होल्टची. त्या मापाची कुठलीही बॅटरी चालते असं तिकडच्या दुकानदारानं सांगितलं होतं. तिकडचा दुकानदार सोलापुरात कधी आलेला नाही. पहिल्या तीन दुकानांत स्कूटरच्या बॅटऱ्या दाखवल्या, चौथ्यात इन्व्हर्टरची. ती उचलायलाच दोन माणसं लागली. पाचव्या दुकानात मात्र एक चकाचक निळा डबा पुढे आला.

"एकदम इंपोर्टेड हाय," दुकानदार म्हणाला. "डोळं झाकून न्या."

मी डोळे झाकूनच नेला. चार्ज केला, बसवला आणि चाचणी म्हणून आम्ही पुणे रस्त्याला मोहोळच्या दिशेनं निघालो. मी भावाच्या जुन्या सायकलवर, ही मोटरवर. मोहोळ अजून पुष्कळ लांब असतानाच निळ्या डब्यानं मान टाकली. परत कांद्याच्या टेंपोतून आलो. निळं प्लॅस्टिक सोललं तर आत जुन्या, गंजू लागलेल्या सेलांवर नवा कागद गुंडाळलेला. डबा घेऊन दुकानात गेलो.

"चालवली का तुमी?" त्यानं विचारलं.

"सायकलची बॅटरी आहे. चालवणारच ना."

"मग उतरनारच की ओ. वापरल्यावर उतरती ती."

दोन दिवस हेलपाटे घालून निम्मे पैसे परत मिळाले, तेही उपकार केल्यासारखे. तुम्ही कधी असल्या खरेदीला गेलात तर माझं ऐका: बॅटरी घेण्याआधी तिथेच सायकलला लावून, वर बसून, निदान एखादा तास गावात फिरा. दुकानदार नको म्हणाला तर दुकान बदला.

शेवटी एका रिक्षावाल्यानं पूर्व भागातला पत्ता दिला. त्याच्या ई-रिक्षाची बॅटरी तिथे बांधली होती. यंत्रमागांच्या गल्लीत, खडखडाटात, एका खोलीत विणकर घरातला एक माणूस सुटे सेल जोडून बॅटऱ्या बांधतो. सगळे त्याला अण्णा म्हणतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. नवे सेल माझ्यासमोर खोक्यातून काढले, एकेक मोजून दाखवला. खर्च एका बऱ्यापैकी मोबाइलएवढा आला, आणि तो वाजवी वाटला. "नवमीला या, तयार आसतीय," म्हणाला. मी खूश होऊन बाहेर आलो. नवमी म्हणजे कोणती नवमी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आन्नेकेच्या येणं शक्य नव्हतं. पण मी याच जिल्ह्यात वाढलोय.

नवमीला गल्लीत शिरलो तर खडखडाट बंद. एकेका मागाला झेंडूचा हार, आडवा धागा नेणारे धोटे ओळीनं पाटावर मांडलेले, उदबत्तीचा वास. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. खंडेनवमी. ज्याच्या हातात जे अवजार, त्याची आज पूजा. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला ती उतरवेपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही. अण्णांच्या खोलीत पाटावर पक्कड, पाने, मीटर आणि सोल्डरची बंदूक मांडलेली होती. मधोमध, सगळ्यांत मोठा हार घालून, हळदीकुंकवानं माखलेली माझी बॅटरी.

"झाली का हो?" मी विचारलं.

"झाली की. तेवडं कनेक्टरला सोल्डर मारायचं ऱ्हायलंय."

"मग मारा ना."

"आता कुटलं मारताय. पूजा झाली की."

"अण्णा, पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटाचंच हाय म्हनून तर सांगतोय. उद्या पाच मिनिटात देतो."

"आम्हाला उद्या पहाटे निघायचंय. पूजेच्या आधीच का नाही केलंत?"

"आदी पूजेची तयारी होती न्हवं."

मी चिडलो. चांगलाच चिडलो. म्हटलं, माझी बॅटरी मला तशीच द्या, भावाकडे सोल्डरची बंदूक आहे, मी घरी करतो. अण्णा पाटाकडे हात करून म्हणाले, "न्या की. माझं काय न्हाय. फकस्त तुमच्या हातानं उचला." मी काही देवभोळा माणूस नाही. वीस वर्षांत खंडेनवमी आठवलीही नव्हती. पण तो हार बाजूला करून ती बॅटरी उचलायला माझा हात काही पुढे गेला नाही. आन्नेके तोवर प्रसादाचा पेढा खात होती. तिनं अण्णांना विचारलं, "उद्या पूजा कधी उतरणार?" ते म्हणाले, "सकाळी आंगोळ झाली की लगीच." ती बरं म्हणाली. मला तिचाही राग आला.

फ्लॅटवर आलो तर तिथेही आनंदच होता. वहिनीनं भावाचा लॅपटॉप, शिलाई मशीन, मिक्सर आणि आमच्या दोन्ही सायकली ओळीनं पुजल्या होत्या.

"भाऊजी, तुमच्या सायकलला पण हार घातला हं," ती कौतुकानं म्हणाली. "आणि बॅटरी बसवायच्या जागी ते पितळी दात आहेत ना, तिथं छान ओलं कुंकू लावलंय."

वीज जिथून मोटरमध्ये जाते, नेमके तेच दात. मी कपाळाला हात लावून जिन्यात जाऊन बसलो. आतून आन्नेके वहिनीला सांगत होती की कुंकू फार सुंदर दिसतंय.

दसऱ्याच्या सकाळी दात घासायच्या ब्रशनं मी सायकलचे दात घासले. अण्णांची अंघोळ ऊन वर आल्यावर झाली. सोल्डर खरोखरच पाच मिनिटांत झालं, याचाही मला राग आला. निरोप देताना ते आन्नेकेला म्हणाले, "ताई, मोटर बारीकच ठेवा. दमानं गेला तर घरापतूर जाती. जोर केला तर मदीच बसती." पहाटे निघणारे आम्ही उन्हं डोक्यावर यायला लागल्यावर निघालो.

रस्ता चांगला आहे, हे कबूल केलं पाहिजे. सोलापूर सोडलं की रुंद, गुळगुळीत, कडेला सायकलपुरती जागा. मोठ्या गाड्या जवळून जातात तेव्हा हँडल घट्ट धरा, एवढंच. तिऱ्ह्याला सीना नदी ओलांडून चहा आणि गरम भजी खाल्ली. कामतीच्या ढाब्यावर शेंगांची आमटी आणि कडक भाकरी, इतकी झणझणीत की आन्नेकेच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून "अजून थोडी" एकदमच आलं. ऑक्टोबरचं ऊन वाईट असतं. पाणी दुप्पट घ्या आणि डोक्याला पांढरं काहीतरी बांधा. दोन्ही बाजूंना काळं रान, ज्वारीच्या पेरणीला तयार. समोरून वारा. आणि मला सारखी घाई, कारण सोनं लुटायच्या वेळेला पोचलो नाही तर या सगळ्या उपद्व्यापाला अर्थ नव्हता. शिवाय सोनं वाटून झालं की आधीच गावी पोचलेला भाऊ गाडी घेऊन शोधायला निघेल, ही भीती. म्हणून कामतीनंतर मीच हिला म्हणालो, "मोटर पूर्ण लाव आता. उशीर झालाय."

"अण्णा बारीक म्हणाले होते," ती म्हणाली.

"अण्णांना काय जातंय सांगायला."

तिनं पूर्ण लावली. बेगमपूरचा भीमेवरचा पूल ओलांडला आणि माचणूरच्या आसपास बॅटरी मध्येच बसली. अण्णांनी सांगितलं तशीच. आता यात कोणावर चिडायचं ते मला कळेना, म्हणून मी पंक्चरच नसलेल्या चाकाला लाथ मारली.

एक पिकअप थांबला. "बसा की पावनं, कुटं जायचंय? सायकली टाकू मागं." मी सायकल उचलायला वाकलोसुद्धा. आन्नेके म्हणाली, "नको दादा. घरी चाललोय. जवळच आहे." मग रस्त्याच्या कडेला आमचं कडाक्याचं भांडण झालं, निम्मं डचमध्ये, निम्मं मराठीत. मी म्हणालो, गुडघा जाईल तुझा. ती म्हणाली, गुडघा माझा आहे. मी म्हणालो, काकूला काही फरक पडत नाही तू कशातून उतरतेस त्यानं. ती सरळ पेडल मारत निघाली. ती जड सायकल मोटरशिवाय म्हणजे नुसतं लोढणं. चढ आला की उतरून ढकलायची, उतार आला की बसायची. मी मागून चालवत होतो आणि खरं सांगतो, मला तिची फार काळजी वाटत होती आणि तोंडातून मात्र शिव्याच येत होत्या, सगळ्या बॅटऱ्यांना.

गावच्या वेशीला पोचलो तेव्हा माणसं सीमोल्लंघन करून परतत होती, हातांत आपट्याची पानं. लहान-थोरांनी हिच्या हातात सोनं दिलं, हिनं सगळ्यांना वाकून नमस्कार केले, वाकताना गुडघ्याला हात धरून. घराच्या उंबऱ्यावर काकू उभी होती. ओवाळायचं ताट हातात, डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर आभाळ भरून आलेलं. आमच्याकडे बघितलं, हिच्या धुळीनं भरलेल्या तोंडाकडे बघितलं.

"आगं ए, ही काय येळ हाय व्हय यायची?" काकू कडाडली. "कवाधरनं निरांजन जाळत बसलीया मी. सनासुदीला घरच्या बाईनं असं रस्त्यानं हिंडायचं आस्तंय? काय ते पाय झालं तुजं, बग तरी. आदी हातपाय धू. आन् मग आत जाऊन ताटं मांड, पोळ्या गार व्हायल्यात समद्या."

आन्नेके जागच्या जागी उभी राहिली. तिला सगळं समजलं होतं, एकही शब्द सुटला नव्हता. मग ती लंगडत न्हाणीकडे गेली आणि थोड्या वेळानं आतून ताटांचा आवाज यायला लागला. चार बाया धावून गेल्या नाहीत. एकजण उलट तिला ओरडली की वाट्या त्या फळीवरच्या घे.

माझ्यासाठी अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची आली. एकच. सोबत सीलबंद पाण्याची बाटली.

आता उट्रेख्तला परत आलोय. हिचा गुडघा बरेच दिवस सुजलेला होता, डॉक्टरांनी ऐकवायचं ते ऐकवलं. कुणी असा प्रवास करणार असाल तर बॅटरीची सोय निघायच्या आधी करा, दसऱ्याच्या तोंडावर तर मुळीच जाऊ नका, आणि बॅटरी बांधणारा जे सांगतो ते ऐका. एवढं सगळं करून मिळालेली ती चांगली बॅटरी विमानात आणता आली नाहीच. काकूच्या घरी, मधल्या खोलीत राहिली. काकूचा फोन हल्ली माझ्या मोबाइलवर येत नाही, हिच्या येतो. परवा स्पीकर चालू होता म्हणून ऐकू आलं.

"तुजी बॅटरी पुसून ठिवलीया गं," काकू सांगत होती. "शेजारची पोरं मागत्यात, म्या न्हाय दिली. म्हनलं, आमच्या सुनंची हाय. ती घरी आली की तिला लागंल."